रॉबर्ट वुड्रो : इतिहासकार की आपल्याच पक्षाचा वकील?

पावसाळी (धागाकर्ती)

ग्लासगोच्या दक्षिणेला पोलॉक पार्क आहे. लोक तिथं बरेल संग्रहालय बघायला जातात. आमची मुलं जातात ती डोळ्यांवर झुलपं आलेल्या हायलँड गाई बघायला. तिथून पुढं थोडं चाललं की ईस्टवुडची जुनी दफनभूमी लागते, आणि तिथं रॉबर्ट वुड्रो या माणसाचं स्मारक आहे. चार वर्षं त्याच्यावरून ये-जा केल्यावर मागच्या हिवाळ्यात एकदा कुतूहल वाटलं, आणि तेव्हापासून हा बाबा डोक्यातून जात नाही.

जन्म 1679, ग्लासगो. वडील जेम्स वुड्रो प्रेसबिटेरियन धर्मोपदेशक, आणि तेव्हा सरकारच्या लेखी फरारी. आई पन्नाशीत होती. बाळंतपणात ती जाणार असं वाटल्यावर वडील चोरून घरी आले, आणि मागोमाग शिपाई. वैद्य बाहेर पडला तेव्हा त्याच्यापुढं कंदील धरून चालणारा नोकर म्हणजे हे वडील, असे पहाऱ्यातून निसटले. म्हणजे पुढं ज्या छळाचा इतिहास लिहिला त्यात लेखक जन्माच्या रात्रीच पात्र म्हणून हजर.

पुढं राज्य पालटलं, वडील 1692 साली ग्लासगो विद्यापीठात धर्मशास्त्राचे प्राध्यापक झाले. मुलगा तिथंच शिकला आणि विद्यार्थीदशेतच विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल झाला. तीनचार वर्षं ते काम केलं आणि कागदांची चटक लागली ती कायमची. 1703 मध्ये ईस्टवुडच्या लहानशा गावात मिनिस्टर, म्हणजे गावच्या चर्चचा धर्मोपदेशक, म्हणून गेला. ग्लासगोनं बोलावलं, स्टर्लिंगनं दोनदा बोलावलं, गेला नाही. 1734 साली तिथंच वारला.

या एकतीस वर्षांत त्यानं गावोगावच्या मिनिस्टरांना पत्रं लिहून माहिती मागवली. साक्षी, शेवटची भाषणं, दंडाच्या याद्या, प्रिव्ही कौन्सिलचे (राजाच्या कारभारी मंडळाचे) हुकूम, जुन्या बखरींची बाडं, जे मिळेल ते मिळवलं, नाही मिळालं तर नक्कल करून घेतलं. त्यातून 1721-22 मध्ये दोन जाडजूड खंड निघाले: 'स्कॉटलंडच्या चर्चच्या यातनांचा इतिहास'.

आता प्रश्न. पुस्तकाच्या नावातच निकाल लावून टाकलाय. अशा माणसाला इतिहासकार म्हणायचं का? मी स्वतः अजून कुंपणावर आहे.

दप्तरदार

छान धागा. पण आधी भांडण काय ते सांगा. आम्हाला स्कॉटलंड म्हणजे बॅगपाइप आणि दुसरी एक बाटलीतली गोष्ट, एवढंच ठाऊक.

पावसाळी

थोडक्यात सांगते. चर्चचा कारभार राजानं नेमलेल्या बिशपांनी चालवायचा, की मिनिस्टर आणि गावच्या वडीलधाऱ्यांच्या सभांनी, हे भांडण. 1638 मध्ये दुसऱ्या मताच्या, म्हणजे प्रेसबिटेरियन, लोकांनी राष्ट्रीय कव्हेनंट नावाच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या, म्हणून ते कव्हेनंटर. 1660 ला दुसरा चार्ल्स गादीवर परत आला, बिशपही आले. जवळपास तिसरा हिस्सा मिनिस्टरांनी नवी व्यवस्था नाकारून पदं गमावली आणि ते माळरानावर, डोंगरात चोरून प्रार्थना घेऊ लागले. मग दंड, घरात शिपायांचा मुक्काम, तुरुंग, वसाहतींत हद्दपारी, दोन उठाव. त्यातल्या दुसऱ्या उठावाचा बॉथवेल ब्रिजला पराभव झाला तो 1679 मध्ये, वुड्रोच्याच जन्मवर्षी. 1684-85 चा काळ तर 'मारणकाळ' म्हणूनच ओळखला जातो. 1688-89 ला सत्तांतर झालं आणि 1690 पासून प्रेसबिटेरियन चर्च सरकारमान्य. म्हणजे वुड्रो जिंकलेल्या बाजूकडून लिहितोय, हरलेल्या दिवसांबद्दल.

खोडरबर

शेवटचं वाक्य तुम्हीच लिहिलंत, माझं काम सोपं झालं. :)

वकीलच. पुस्तक कधी आलं बघा. 1715 मध्ये स्टुअर्ट घराण्याच्या, म्हणजे दुसऱ्या चार्ल्सच्याच घराण्याच्या, पाठीराख्यांनी बंड केलं, ते मोडलं आणि सहा वर्षांत हे पुस्तक. अर्पण कुणाला? पहिल्या जॉर्जला. 'महाराज, ज्या घराण्याला हाकलून तुम्ही आलात त्यांनी आमचे असे हाल केले, आणि त्यांचे मित्र आजही इथंच आहेत' असा हा अर्ज आहे. महाराजांनी शंभर गिनी मंजूरही केल्या. इतिहासाला मी कधी शंभर गिनी मिळालेल्या पाहिल्या नाहीत.

काकडीची_कोशिंबीर

मला पीएचडीत पाच वर्षांत मिळून शंभर गिनी मिळाल्या नसतील. वुड्रो माझा आदर्श.

सातारकर_जुना

स्कॉटिश इतिहासकार म्हटल्यावर ग्रँट डफ आठवणार नाही असं कसं होईल? साताऱ्यात बसून मराठी कागद गोळा केले आणि 1826 ला मराठ्यांचा इतिहास लिहिला. तो पक्षपाती की नाही यावर आमच्या आजोबांच्या काळापासून भांडतोय.

दप्तरदार

जुनेराव, डफसाठी वेगळा धागा काढा. इथं आला की तीनशे प्रतिसाद होतील आणि बिचारा वुड्रो परत स्मारकाखाली जाईल. ह.घ्या.

मोडीवाचक

खोडरबर यांचं निदान बरोबर, निष्कर्ष चूक.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचत आलोय, त्यामुळं माणूस कुठल्या बाजूचा हे मी पहिल्यांदा बघत नाही. कागद कसा हाताळतो ते बघतो. वुड्रोच्या पुस्तकात निवेदन आहेच, पण त्याच्या बरोबरीनं मूळ कागद घातलेत: जाहीरनामे, कायदे, कौन्सिलचे ठराव, पत्रं, आणि तेही मोठाल्या परिशिष्टांत. पुस्तकाच्या पूर्ण नावातच 'सार्वजनिक दप्तरं, मूळ कागद आणि हस्तलिखितं यांवरून' असं म्हटलंय. म्हणजे तो वाचकाला सांगतो, हे माझं म्हणणं आणि हा पुरावा, आता भांड. 1721 मध्ये एका खेड्यातला पाद्री हे करतोय!

आपल्याकडं राजवाड्यांनी 1898 ला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं'चा पहिला खंड काढला तेव्हा त्यात पानिपताभोवतीची पत्रं होती आणि पुढं त्यांची लांबलचक प्रस्तावना. प्रस्तावनेतली राजवाड्यांची मतं आज किती लोक जशीच्या तशी मानतात? पत्रं मात्र अजून सगळे वापरतात. वुड्रोचं तेच झालंय. छळ करणाऱ्या सरकारच्या बाजूनं लिहिणाऱ्यांनासुद्धा त्याच सरकारचे हुकूम शोधायला याच्याच पुस्तकात यावं लागतं.

एकच फरक. राजवाडे गाठोडी मिळवायला गावोगाव पायपीट करत. वुड्रो बहुतेक घरी बसून पत्रं टाकायचा आणि गाठोडी त्याच्याकडं चालत यायची. मिनिस्टरांचं जाळं हीच त्याची टपालयंत्रणा.

शेवंती

'घरी बसून' वाचून थांबले. घरात कोण होतं ते कुणी लिहिणार आहे का?

1708 मध्ये मार्गारेट वॉर्नरशी लग्न. तिचे आजोबा विल्यम गथ्री, फेनिकचे नावाजलेले कव्हेनंटर मिनिस्टर, म्हणजे तीही त्याच परंपरेतली. सोळा बाळंतपणं. नऊ मुलं जगली. गावच्या मिनिस्टरच्या पगारात. आणि नवऱ्याची खोली कागद, नाणी आणि दगडांनी भरलेली.

'यातनांचा इतिहास' कुणाच्या घरात लिहिला जात होता हे लक्षात असू द्या.

काकडीची_कोशिंबीर

शेवंतीताई +१००. ('दगड' म्हणजे?)

पावसाळी

दगड म्हणजे जीवाश्म. :) तेव्हा त्यांना 'घडीव दगड' म्हणत आणि ते नेमके काय यावर विद्वानांत वाद चालायचा. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचा प्रमुख एडवर्ड लुइड स्कॉटलंडच्या दौऱ्यावर आला होता, तेव्हा हा त्याच्याबरोबर ओल्डहाउस नावाच्या ओढ्याकाठी दगड वेचत हिंडला. पुढं पत्रातून त्याला कळवतो की माझं घर आता त्या ओढ्यापासून पाव मैलावर आहे. वाचताना पत्र लिहिणारा मिनिस्टर वाटतच नाही, नव्या फ्लॅटमधून तळं दिसतं म्हणून मित्राला कळवणारा कुणी वाटतो. ओढा अजून आहे. कडेला ट्रॉली आणि प्लॅस्टिक पण आहे.

शेवंतीताई, तुमचा मुद्दा मला सुचायला हवा होता. स्मारकापुढं उभी राहून मी एकदाही तिचा विचार केला नाही.

खोडरबर

मोडीवाचक साहेब, परिशिष्टांचं सगळं मान्य. पण निवेदनात काय करतो ते बघू. एकच प्रकरण घेतो, जॉन ब्राउनचं.

प्रीस्टहिल, एअरशरमधली माळरानावरची वाडी. 1 मे 1685. सरकारी फौजेतला अधिकारी, क्लॅव्हरहाउसचा जॉन ग्रॅहम, शिपाई घेऊन येतो, ब्राउनला पकडतो, घरासमोर ठार मारतो. बायको आणि लेकरू बघताहेत. वुड्रो काय लिहितो? ब्राउनची प्रार्थना ऐकून शिपाई विरघळले, गोळी झाडायला कुणी तयार होईना, तेव्हा ग्रॅहमनं स्वतः गोळी घातली.

आता पॅट्रिक वॉकर. हा वुड्रोचा विरोधक नव्हे, उलट त्याच्याहून कडवा कव्हेनंटर, स्वतः तुरुंग भोगलेला. तो म्हणतो ब्राउनची विधवा इझाबेल वेअर हिच्याशी मी बोललो, आणि त्याच्या वृत्तांतात गोळ्या सहा शिपाई घालतात. वुड्रोच्या चुकांवर या वॉकरनं भरपूर तोंडसुख घेतलंय.

म्हणजे दगडी काळजाचे शिपाई क्षणात भक्त होतात आणि एकटा खलनायक उरतो. शिनेमा चांगला होईल. इतिहास?

टिवल्याबावल्या

आमच्या गावात याच कथेची तीन रूपं आहेत. फक्त गोळीच्या जागी तलवार.

पावसाळी

खोडरबर, या प्रकरणात तिसरा साक्षीदार पण आहे, खुद्द ग्रॅहम. दोन दिवसांनी, 3 मे ला, त्यानं ड्यूक ऑफ क्वीन्सबरीला पत्र लिहिलं. ब्राउननं बंडखोरांशी संबंध नाकारण्याची शपथ घ्यायला नकार दिला, राजाला मानत नाही म्हणाला, घरात गोळ्या आणि राजद्रोही कागद सापडले, म्हणून मी त्याला गोळी घालवून ठार केलं, आणि तो अगदी बेफिकीरपणे मेला, असा मजकूर. हे पत्र छापलं गेलं एकोणिसाव्या शतकात. वुड्रोला ते बघायला मिळालं नव्हतं.

'घालवून' म्हणजे हुकूम देऊन. तेव्हा बंदूक कुणाच्या हातात होती याबाबत वॉकर बरोबर दिसतो आणि वुड्रो चूक. पण खटला न चालवता, घराच्या दारात माणूस मारला, हे ज्यानं मारला तोच लिहून देतो. वुड्रोची रंगवारंगवी उघडी पडली. घटना मात्र तशीच राहिली.

खोडरबर

शपथ नाकारणाऱ्याला जागेवर मारायची मुभा तेव्हाच्या कायद्यानं दिली होती, हेही लिहा ना मग.

मोडीवाचक

लिहा की. दोन साक्षीदार लागत, तो हुकूमही नोंदलेला आहे. वुड्रोचा मुद्दाच तो होता, कायदाच तसला होता म्हणून. सरकारी हुकूम तो इतक्या आवडीनं का छापतो असं वाटतं तुम्हाला?

नाना_घाटावरचे

विगटाउनचं प्रकरण राहिलं. मे 1685, मार्गारेट मॅकलॅकलन ही म्हातारी आणि मार्गारेट विल्सन ही जेमतेम अठरा वर्षांची पोर, भरतीच्या पाण्यात खुंटाला बांधून बुडवल्या. वुड्रोनं हे छापलं. 1863 मध्ये मार्क नेपियर नावाचे वकील (खरोखरचे वकील, खोडरबर!) पुढं आले आणि म्हणाले असं काही घडलंच नाही. कारण प्रिव्ही कौन्सिलनं 30 एप्रिलला शिक्षा तहकूब केल्याची नोंद आहे. त्यावर आर्चिबाल्ड स्टुअर्ट या मिनिस्टरनं 1867 मध्ये उत्तर दिलं. पेनिंगहॅम आणि कर्किनर या दोन गावांच्या कर्क सेशनच्या, म्हणजे चर्चच्या पंचांच्या सभेच्या, 1711 च्या नोंदी त्यानं काढून दाखवल्या. घटनेला सव्वीसच वर्षं झालेली, बघणारे हयात, नातेवाईक गावात. तहकुबी निघाली आणि तरीही बुडवल्या, असंच आज बहुतेक अभ्यासक मानतात.

मला यात रस वेगळ्या कारणासाठी. त्या 1711 च्या नोंदी आपोआप झालेल्या नाहीत. साक्षीदार मरायच्या आत लिहून घ्या, अशी चर्चची मोहीम त्या वर्षांत चालू होती आणि वुड्रोला त्यातूनच माल मिळाला. माहिती गोळा करण्यामागचा हेतू पक्षाचा होता. पण त्या हेतूशिवाय त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना कुणी विचारायलाच गेलं नसतं.

दप्तरदार

नाना, शेवटच्या दोन ओळींसाठी वाचनखूण साठवली.

काकडीची_कोशिंबीर

शोधता शोधता कळलं की या इतिहासाची 1828 ची नवी आवृत्ती रॉबर्ट बर्न्सनं संपादित केली! कवी बर्न्स! हे कुणी सांगितलं कसं नाही?

पावसाळी

कारण कवी बर्न्स 1796 ला वारला. :) हे दुसरे, पेस्लीचे मिनिस्टर रॉबर्ट बर्न्स. ही चूक मीही केली होती, आणि वर नवऱ्याशी पैज लावून.

काकडीची_कोशिंबीर

मी हा प्रतिसाद पुसणार नाही. भावी संशोधकांसाठी मूळ साधन म्हणून राहू दे.

टिवल्याबावल्या

त्या भुताखेतांच्या वह्यांबद्दल कुणी बोलेना. 'अ‍ॅनालेक्टा' म्हणजे खजिना आहे! 1701 ते 1731 पर्यंत तो कानावर येईल ते टिपत गेला. कुणाला स्वप्नात मरण दिसलं, कुठल्या मिनिस्टरला सैतान भेटला, कुणाची प्रार्थना ताबडतोब फळली. आजच्या काळात असता तर फॅमिली ग्रुपवर पहाटे पाचला फॉरवर्ड टाकणारा हाच.

आणि अ‍ॅलन रॅम्झीवरची चिडचिड! रॅम्झी हा एडिंबराचा गंगावन करणारा, म्हणजे विग बनवणारा. पुढं कवी आणि पुस्तकविक्या झाला. 1725 च्या सुमाराला त्यानं भाड्यानं पुस्तकं द्यायला सुरुवात केली, ब्रिटनमधलं बहुधा पहिलंच असं वाचनालय. वुड्रो 1728 मध्ये वहीत कुरकुरतो की लंडनहून आलेली पापी, अश्लील पुस्तकं आणि नाटकं हा थोड्या पैशात पोरांना, मोलकरणींना, सभ्य गृहस्थांना वाचायला देतो! स्वतःच्या घरात पाय ठेवायला जागा नाही एवढे कागद, आणि दुसऱ्यानं मोलकरणीला पुस्तक दिलं की पोटात दुखतं.

शेवंती

मोलकरणी वाचत होत्या ही बातमी आपल्याला त्याच्या पोटदुखीतून मिळाली हे विसरू नका.

टिवल्याबावल्या

ताई, आज तुम्ही फॉर्मात.

सातारकर_जुना

डफ नको म्हणालात म्हणून घरचंच सांगतो. आमच्याकडं माडीवर दोन पेट्या होत्या, पणजोबा कुळकर्णी होते त्यांच्या काळच्या. थोरल्या काकांनी एका संस्थेला द्यायच्या ठरवल्या. तिथल्या गृहस्थांनी पावती दिली, चहा दिला. अकरा वर्षांनी मी बघायला गेलो तर पेट्याही नाहीत, पावतीची नोंदही नाही. मधल्या काळात तिथं दोनदा रंग दिला होता म्हणे. नाव घेत नाही, त्यात कुणाला रस नसतो. वुड्रोचे कागद कुठं गेले?

पावसाळी

वाईट वाटलं वाचून.

वुड्रोचे बरेचसे राहिले. पण एका जागी नाहीत. काही चर्चच्या महासभेनं त्याच्या मागं विकत घेतले, बराच मोठा साठा आज एडिंबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि एक भाग ग्लासगो विद्यापीठात, म्हणजे जिथं पोरवयात ग्रंथपाल होता तिथंच. स्वतःची पत्रं पाठवण्याआधी नकलून ठेवायची त्याला सवय होती, त्यामुळं त्याचा पत्रव्यवहार दोन्ही बाजूंनी वाचता येतो. बोस्टनच्या कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाला लिहिलेली पत्रंसुद्धा. 1841 मध्ये एडिंबरात त्याच्या नावानं वुड्रो सोसायटी निघाली आणि तिनं त्याची पत्रं तीन खंडांत छापली. इतकंच नव्हे, डेव्हिड कॅल्डरवूड या त्याच्या आधीच्या इतिहासकाराचा मोठा ग्रंथही आठ खंडांत काढला.

दप्तरदार

मग मूळ प्रश्नाकडं येतो, कारण टिवल्याबावल्या यांच्या भुतांनी मला उत्तर दिलं.

ती 'अ‍ॅनालेक्टा' त्यानं स्वतः कधी छापली नाही. ती छापली मेटलंड क्लब या जुनी हस्तलिखितं छापणाऱ्या मंडळानं, 1842-43 मध्ये, म्हणजे तो गेल्यावर शंभर वर्षांनी. वहीत गोष्ट लिहिताना तो बहुतेक वेळा ती कुणाकडून ऐकली तेही टिपतो. ज्या माणसाला सैतानाच्या भेटीवर विश्वास आहे, तोही ऐकीव एका वहीत आणि सरकारी हुकूम दुसऱ्या पुस्तकात ठेवतो. कप्पे शंभर टक्के हवाबंद नाहीत, जॉन ब्राउनच्या गोष्टीत गळती दिसतेच. पण कप्पे आहेत.

खोडरबर

मी अजून वकीलच म्हणणार. फक्त विरुद्ध पक्षाचे कागदही फायलीला लावणारा वकील. असला मला आमच्या तालुक्याच्या कोर्टात अजून भेटलेला नाही.

मोडीवाचक

एवढं खोडरबरांकडून मिळालं म्हणजे पुष्कळ.

नाना_घाटावरचे

पावसाळीताई, वाचायला सुरुवात कुठून करू? जालावर 1721 ची स्कॅन प्रत मिळाली, पण दोन पानांत डोळे दुखले.

पावसाळी

नाना, ती सोडा. त्या काळच्या छपाईत शब्दातला एस हुबेहूब एफसारखा दिसतो. नावातल्या 'सफरिंग्ज'ला (म्हणजे यातनांना) मी पहिला आठवडाभर मनातल्या मनात 'फफरिंग्ज' म्हणत होते. काकडीच्या त्या दुसऱ्या बर्न्सची आवृत्ती उघडा, चार खंड आहेत, टाइप नीट आहे. पहिला खंड वगळून थेट 1685 वर गेलात तरी चालेल. आणि रात्री झोपण्याआधी 'अ‍ॅनालेक्टा'.

काकडीची_कोशिंबीर

'काकडीचा बर्न्स' हे आता अधिकृत नाव समजावं का?